नळीने आवाज जातो, भाषा कशाला जायला पाहिजे?

आपल्या भागात "व्हेंटिलेटरवर ठेवलंय" हे दोन शब्द कानावर पडले की गावाकडं पुढचा फोन जातो तो "तयारीला लागा" असाच. खानापूर तालुक्यात असो, निपाणीकडं असो की बेळगावच्या वडगाव-शहापुरात, मशीन लावलं म्हणजे संपलं असंच धरतात. त्यात कोविडच्या दोन वर्षांनी भर घातली. आणि 'गब्बर इज बॅक'मधला तो प्रसंग, मेलेल्या माणसावर उपचार चालू ठेवून बिल वाढवणारं हॉस्पिटल, तो तर आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी फिरतोच.

मी डॉक्टर नाही, राज्यशास्त्र शिकतोय. पण गेल्या वर्षी माझ्या मामाच्या ऑपरेशननंतर आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर दोन रात्री काढल्या आणि नंतर जे मिळेल ते वाचलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. सीमाभागात आपण भाषेचा प्रश्न दुकानाच्या पाटीवर, बसच्या बोर्डावर, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लढतो, आणि लढायलाच पाहिजे. पण जिथं भाषा थेट श्वासाशी जोडलेली असते त्या खोलीकडं आपलं लक्षच नाही.

आधी मशीनचं बघू. मोठ्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतात तेव्हा बहुतेक वेळा स्नायू सैल करणारं औषधही देतात. त्यानं श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून भूलतज्ज्ञ तोंडातून श्वासनलिकेत एक नळी घालतो आणि मशीन त्या माणसाच्या वतीनं श्वास देत राहतं. म्हणजे अशा भुलीखाली ज्यांचं ऑपरेशन झालं ते सगळेच थोडा वेळ व्हेंटिलेटरवर होते. तुमच्या घरातसुद्धा असं कुणीतरी असेल, फक्त ते कुणी सांगितलेलं नसतं. ऑपरेशन छोटं असलं तर टेबलावरच औषध उतरतं, माणूस श्वास घ्यायला लागतो, नळी काढतात. हृदयाच्या बायपासनंतर मात्र काही तास मशीन चालू ठेवणं हा ठरलेलाच भाग असतो. सगळं ठीक असेल तर आजकाल साधारण सहा तासांच्या आत नळी काढायचा प्रयत्न करतात. आतडं फुटून पोटात पू झालाय, रक्त खूप गेलंय, अंग गार पडलंय, किंवा माणूस चाळीस वर्षं विडी ओढणारा आहे आणि फुफ्फुसं आधीच थकलेली आहेत, अशा वेळी एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात. फुफ्फुसाला काम करायला जमेपर्यंत दिलेला हा आधार आहे. पाय मोडल्यावर कुबडी देतात तसा.

धोका नाही असं मी म्हणत नाही. दोन दिवसांच्या वर नळी राहिली की तिच्या वाटेनं जंतू जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती वाढत जाते. म्हणूनच पेशंटच्या डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलून ठेवतात आणि तोंड साफ करत राहतात. श्वासाचा मुख्य स्नायू, छाती आणि पोटाच्या मधला पडदा, आयता श्वास मिळाला की अशक्त होत जातो. त्यामुळे चांगल्या आयसीयूत रोज सकाळी पहिला प्रश्न असतो, आज नळी काढता येईल का? माझा सगळा मुद्दा या प्रश्नापाशी आहे.

हा प्रश्न कसा सोडवतात बघा. गुंगीचं औषध कमी करतात किंवा थांबवतात. माणूस जागा होतोय का बघतात. मग मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास त्याला स्वतःच्या दमावर श्वास घेऊ देतात. रक्तदाब, ऑक्सिजन, श्वासाची गती, खोकला जोरात येतो की नाही हे सगळं तपासतात. आणि सोबत एक गोष्ट हमखास बघतात, सांगितलेलं ऐकतो का? डोळे उघडा. माझा हात दाबा. जीभ बाहेर काढा. मान उचला.

सांगितलेलं. कुठल्या भाषेत?

मामाचं आतडं फुटलं होतं. रात्री दहाला पोटात दुखायला लागलं, पहाटे तीनला टेबलावर होता. वय ५८, विडी विसाव्या वर्षापासून. कागदावर सही मामीनं केली. कागद इंग्रजीत, वरचं शीर्षक कन्नडमध्ये, आणि समजावून सांगणारा ज्युनियर डॉक्टर हिंदीत, "रखना पड़ सकता है, साइन कीजिए." मामी चौथी शिकलेली. तिला कळलं ते एवढंच की नवऱ्याला कुठंतरी ठेवणार आहेत. मी सकाळी सहाला पोहोचलो तोवर गावाकडून दोघेजण निघालेही होते, कशासाठी ते लिहीत नाही. कुणी दुष्ट नव्हतं तिथं. तो डॉक्टर सलग किती तास जागा होता देव जाणे. पण त्या सहीचा अर्थ शून्य होता.

दुसऱ्या दिवशी गुंगी कमी केली. मामाचे हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले, कारण अर्धवट शुद्धीतला माणूस पहिल्यांदा नळीच उपसतो. सिस्टर त्याच्या कानाशी जाऊन म्हणत होती, "कण्ण तेगीरी, कय्य हिडीरी." मामा जाग्यावरच. दोनदा झालं, तीनदा झालं. काचेतून आम्ही बघत होतो. मामाला बाजाराचं कन्नड येतं, भाजी विकण्यापुरतं. पण शुद्धीवर असताना येणारं कन्नड आणि गुंगीतून वर येताना समजणारं कन्नड यात फरक असणारच ना? मग त्या सिस्टरनंच, ती गोकाककडची, मामीला आत बोलावलं. मामी म्हणाली, "अवो, डोळं उघडा की. मी हाय." डोळे उघडले. हात दाबा म्हटलं, दाबला. त्या दुपारी श्वासाची चाचणी झाली आणि संध्याकाळी नळी निघाली.

आता कुणी म्हणेल, तोवर औषधाचा असर उतरला असेल, योगायोग असेल. असेलही. एका माणसावरून मी सिद्धांत मांडत नाही. मी फक्त एवढंच विचारतोय: 'सांगितलेलं ऐकतो का' या प्रश्नावर नळी काढायची की नाही हे ठरवताना मदत होत असेल, तर सांगणं पेशंटच्या भाषेत असणं हा उपचाराचा भाग झाला की नाही? चुकून 'ऐकत नाही' अशी नोंद झाली तर आणखी एक रात्र मशीनवर जाऊ शकते. त्या रात्रीचा न्यूमोनियाचा धोका वेगळा, बिल वेगळं.

आयसीयूत पेशंट भ्रमिष्ट झालाय का हे तपासायची एक चाचणी जगभर वापरतात. दहा अक्षरं एकेक करून म्हणायची आणि 'ए' ऐकू आलं की पेशंटनं हात दाबायचा. नळी असलेल्या माणसाला बोलता येत नाही म्हणूनच ती अशी बनवली. पण ज्या बाईला ए-बी-सी-डी कधी शिकवलीच नाही तिच्यासाठी या चाचणीचा काय उपयोग? म्हणून तर या चाचणीची वेगवेगळ्या भाषांतली रूपं तयार करतात. ज्यांनी ती बनवली त्यांना भाषेचं महत्त्व कळलेलं आहे. आपल्याकडं कळायचं बाकी आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण पेशंटला गाढ झोपवूनच ठेवायचे. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या १२८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास छापून आला. ते ऑपरेशनवाले नव्हते, इतर आजारांचे होते. ज्यांचं गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून जागं केलं ते मध्यमानानं ४.९ दिवस व्हेंटिलेटरवर राहिले, बाकीचे ७.३ दिवस. तेव्हापासून वैद्यकशास्त्राचा कल पेशंटला शक्य तेवढं जागं ठेवण्याकडं आहे. म्हणजे आज नळी असलेला माणूस पूर्वीपेक्षा जास्त जागा असतो. त्याला दुखतं, तहान लागते, भीती वाटते. बोलता मात्र येत नाही, कारण नळी स्वरतंतूंच्या मधून जाते आणि तिच्याभोवतीचा छोटा फुगा हवा बाजूनं वर येऊ देत नाही. स्वरतंतूंवर हवाच नाही तर आवाज कुठून येणार? अशा माणसाकडं उरतात डोळे, मान आणि एक बोट. त्याच्यापुढं चित्रांचा किंवा शब्दांचा तक्ता धरतात. तो तक्ता मी पाहिला. इंग्रजीत होता.

मला वाचताना सगळ्यात आवडलेली गोष्ट कोपनहेगनची. १९५२ साली तिथं पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात श्वास बंद पडलेल्या सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हाची यंत्रं बाहेरून छातीवर दाब-ओढ करणारी, आणि तीही मोजकीच. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं सुचवलं की ऑपरेशन थिएटरात आम्ही करतो तसं करा, गळ्याला भोक पाडून नळी घाला आणि हातानं पिशवी दाबून हवा आत ढकला. १२ वर्षांच्या एका मुलीवर करून दाखवलं, ती वाचली. पण पिशवी दाबणार कोण? रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे? सुमारे १५०० विद्यार्थी आले, डॉक्टरकी आणि दातांच्या डॉक्टरकीला शिकणारी पोरं. पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसली आणि हातानं श्वास देत राहिली. मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. आजचं आयसीयू तिथून सुरू झालं असं मानतात. म्हणजे आज ज्या मशीनला आपण घाबरतो त्याच्या जागी एकेकाळी आपल्याच वयाची पोरं बसलेली होती. असो, जरा वाहवत गेलो.

आता माझ्या विषयाकडं, कायद्याकडं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ साली संमती म्हणजे काय ते स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय, बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन काढलं होतं. कोर्ट म्हणालं, जीव लगेच धोक्यात नसेल तर ही संमती चालणार नाही. पेशंटला पुरेशी माहिती देऊन, समजून, त्याची स्वतःची संमती घेतली पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद तर सरळच सांगते की माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. मामासारखी पहाटे तीनची इमर्जन्सी असली तर आधी जीव वाचवा, कागद नंतर, यावर माझं काही म्हणणं नाही. पण ठरवून होणाऱ्या बायपासचं काय? पेशंट आदल्या दिवशी वॉर्डात शुद्धीवर बसलेला असतो. तेव्हाच त्याला त्याच्या भाषेत सांगता येत नाही का, की उद्या जागा होशील तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, हात बांधलेले असतील, घाबरू नकोस, काही तासांत काढू? पाच मिनिटांचं काम आहे.

संविधानातलं कलम ३५० आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असतं. गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क. म्हणजे उपचारात काही चुकलं तर नंतर मराठीत तक्रार करायचा हक्क मला आहे. आधी मराठीत समजून घ्यायचा हक्क मात्र मी या सनदेत, त्या निकालात शोधत फिरायचा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून जी संरक्षणं ठरत गेली, त्यात १५ टक्के किंवा जास्त लोक ज्या भागात एखादी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही काढावेत असं ठरलेलं आहे. शेताच्या नोटिशीसाठी आपण हा मुद्दा कितीदा मांडला! सरकारी रुग्णालयातलं संमतीपत्र महत्त्वाच्या कागदात मोडत नाही असं कोण म्हणेल? निवेदनात हे वाक्य घालायला आपल्याला कुणी अडवलं नव्हतं.

२०२३ साली महाराष्ट्रानं ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? पैसा कुणाचा, हद्द कुणाची, अधिकार कुणाचा. दोन्हीकडचे नेते टीव्हीवर भांडले. पेशंटला कुठल्या भाषेत काय सांगणार यावर मी एक वाक्य ऐकलं नाही.

आणि हे एका बाजूचं दुखणं नाही, हेही लिहिलंच पाहिजे. अथणी, रायबाग, जमखंडीकडचे किती पेशंट मिरजेला जातात! मिरजेची दवाखान्यांची पेठ पिढ्यान्‌पिढ्या त्या भागाचीही आहे. तिथं नळी लावलेल्या कन्नड आजीला कुणी "हात दाबा" म्हणत असेल तर तिची अवस्था मामासारखीच. जतची, अक्कलकोटची माणसं तर महाराष्ट्रातच राहतात आणि घरात कन्नड बोलतात. आपण जे मागतो ते त्यांनाही मिळालं पाहिजे. नाहीतर आपली मागणी हक्काची राहत नाही, हट्टाची होते. हे आमच्यातल्याच काहींना आवडणार नाही, माहीत आहे मला.

"मग कन्नड शिका की," हे उत्तर मला फेसबुकवर शंभरदा मिळालंय. भावांनो, मला कन्नड येतं. लिहिताही येतं. माझ्या पिढीला येतंच. प्रश्न माझा नाही, हलगा-बस्तवाडच्या सत्तर वर्षांच्या म्हातारीचा आहे, आणि तीसुद्धा अर्धी गुंगीत असताना. उलट ज्यांना दोन्ही भाषा येतात त्या आपल्या पोरांनीच इथं कामाला यायचं आहे. नर्सिंग करणाऱ्या, फार्मसी करणाऱ्या, आयसीयूत टेक्निशियन म्हणून लागलेल्या आपल्या मैत्रिणी-मित्र किती आहेत बघा जरा. एका शिफ्टला असा एक जण असला तरी पुष्कळ फरक पडेल. केरळहून आलेल्या सिस्टरला तर कन्नडही नवीन आणि मराठीही. तिला दहा वाक्यं लिहून दिली तर ती आनंदानं म्हणेल, तिचंच काम हलकं होतंय.

आणि बाहेर बाकावर बसणाऱ्यांसाठी. शिकलेला एक जण आत जाऊन विचारू शकतो: मशीन कशासाठी लावलंय, फुफ्फुसासाठी की फक्त भूल उतरेपर्यंत? आज आधार कालपेक्षा कमी केला की वाढवला? गुंगी आज थांबवणार आहात का? जागं करताना आमच्यातलं एक माणूस जवळ उभं राहिलं तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न आवाज न चढवता विचारा. दारात चाळीस माणसं जमवून काही होत नाही, उलट दार बंद होतं. पैशासाठीच ठेवलंय असा संशय असेल तर केसपेपरची प्रत मागा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तोही हक्क सनदेत आहे. व्हॉट्सॲपवर निकाल लावू नका.

आम्ही हॉस्टेलवरच्या सहा जणांनी मिळून एक कार्ड केलंय. ए-फोर आकाराचं, जाड, पुसता येईल असं, वर मोठी चित्रं. मराठी लिहिताना पहिल्यांदा एकानं 'मला वेदना होत आहेत' असं टाकलं होतं. मामीला दाखवलं तर ती हसायलाच लागली. आता त्यावर आहे: दुखालंय. तहान लागल्या. श्वास घ्यायला येईना. कूस बदला. कफ काढा. हात सोडा. थंडी वाजालाय. घरचं कोण हाय? आणि खाली दोन मोठे चौकोन, होय आणि नको, डोळ्यानं दाखवता येतील असे. त्या गोकाकच्या सिस्टरला एक प्रत नेऊन दिली तेव्हा तिनं उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, मागची बाजू कोरी का ठेवलीय? मागच्या बाजूचं कन्नड तिनं स्वतः लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात छापायला टाकतोय, पहिल्यांदा दोनशे.